नवस नव्हता, आई

आई, काल तुमच्या तेराव्याला मी चारचौघांत बोलू नये ते बोलून बसले.

जेवणं उरकली होती. पुरुषमंडळी बाहेर खुर्च्यांवर सुपारी कातरत होती आणि आम्ही बायका आतल्या खोलीत सतरंजीवर. रत्नागिरीहून आलेल्या तुमच्या थोरल्या भावजयीने, माईंनी, विषय काढला. "सुमती पुण्यवान. नातीसाठी नवस बोलली आणि भरल्या घरातून उठून वर्षभर टिटवाळ्याला गणपतीच्या पायाशी जाऊन राहिली. आजच्या दिवसांत कोण करतं हो एवढं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. सोहनीकाकूंनी तर डोळ्यांना पदर लावला. मी लाडवांचं ताट घेऊन उभी होते. ते खाली न ठेवताच म्हणाले, "नवस नव्हता तो, माई. आई एक सिनेमा बघून गेल्या होत्या."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. माई म्हणाल्या, "मंजिरी, आज तुझ्या सासूचं तेरावं आहे."

"म्हणूनच सांगतेय," मी म्हटलं आणि पुढच्या बाईकडे लाडू घेऊन गेले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फार लवकर सांगितलंस गं. कारण ती नवसाची गोष्ट माझीच. मीच रचलेली, बारा-तेरा वर्षं मीच सांभाळलेली. तुम्ही त्याबद्दल मला कधी माफ केलं नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. कालपासून माझा पाय घरात ठरत नाही. हे लिहायला बसले आणि आत्तापर्यंत तीनदा उठले. एकदा तर कुकर बघायला गेले, गॅसवर कुकर नव्हताच.

तो सिनेमा तुमच्यासाठी नव्हता, हे तुम्हालाही माहीत होतं. तुमचा श्री तेव्हा डोंबिवलीतल्या एका फिल्म क्लबचा सभासद होता. महिन्यातून एक रविवार शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून परदेशी सिनेमे दाखवायचे. त्या रविवारी श्रीला कंपनीत दुसरी पाळी आली आणि त्याचा पास उरला. मी म्हटलं, आई, तुम्ही चला. अप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "इंग्रजी आहे. हिला काय कळणार?" तुम्ही म्हणालात, "चित्रं हलतात ना? मग कळेल." आठ महिन्यांची जुई अप्पांच्या मांडीवर ठेवून आपण दोघी निघालो. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि आपण दोघीच कुठे जायची ती पहिली वेळ.

सिनेमाचं नाव मला आज आठवत नाही. कुठल्याशा थंड देशातली सोळा वर्षांची मुलगी, एकटी, शिडाच्या छोट्या होडीतून जगाला फेरी घालायला निघते. धक्क्यावर बाप उभा असतो, दोर सोडतो. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "बाप सोडतोय? सोळाच्या पोरीला?" मी कुजबुजत भाषांतर करायला लागले. थोड्या वेळाने तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. "सांगू नकोस. कळतंय."

मग वादळ आलं. हॉलमध्ये चिडीचूप. होडी उभी आडवी होतेय, पोरगी दोरखंड ओढतेय, पाणी उपसतेय, आणि मी बाजूला बघितलं तर तुम्ही चक्क जांभई देत होतात.

"कंटाळा आला का?"

"वादळात काय बघायचंय? धर, बांध, उपस, पूस. आपल्याकडे गौरी-गणपतीत हेच असतं."

मागच्या रांगेतला माणूस हसला. त्यानंतर मात्र वारा पडला. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा सपाट आणि होडी जागच्या जागी. शिडं लोंबतायत. मुलीला करायला काही उरलंच नाही. ती फळ्यांवर उताणी पडली, एक पाय पाण्यात सोडून. डब्यातलं काहीतरी खाल्लं, बोटं चाटली, झोपली, उठली, परत झोपली. हे फारच लांबलं. लोकांनी चुळबुळ सुरू केली, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, दोघंतिघं उठून बाहेर चहाला गेली. आणि तुम्ही इतक्या पुढे वाकलात की तुमच्या पुढच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी मागे वळून बघितलं.

"मंजू," तुम्ही म्हणालात, "तिला कुणी उठवत नाहीये."

"भर समुद्रात कोण उठवणार?"

"तेच म्हणतेय मी."

शेवटची वीसेक मिनिटं राहिली असतील, तुम्ही उठलात. "चल." म्हटलं, "अहो, आता ती किनाऱ्याला लागेल." "लागू दे. परत आलेली बघायला काय थांबायचं? आपण रोज परतच येतो." त्या सिनेमाचा शेवट मी कधी बघितला नाही. हेही एक राहिलंच.

दोन दिवसांनी मेथी निवडताना तुम्ही विचारलंत, "तू कधी एकटी राहिलीयेस गं?"

"हॉस्टेलवर, पुण्याला. दिवाळीत सगळ्या गेलेल्या, मी तीन दिवस एकटी होते."

"काय केलंस मग?"

"काही नाही. रडले."

तुम्ही खूप हसलात. मग काड्या बाजूला करत म्हणालात, "मी जन्मात कधी एका खोलीत एकटी झोपले नाहीये. माहेरी बहिणी. सोळाव्या वर्षी इथे आले तर सासू, नणंदा. मग हे, मग मुलं. बाळंतपणात सुद्धा सुईण शेजारी घोरत असायची." तक्रारीचा सूर नव्हता. आज बाजारात मेथी छान होती, असं म्हणावं तसं म्हणालात. मी ते ऐकून सोडून दिलं.

त्यानंतरचे आठवडे मला आठवतात ते तुमच्या येरझाऱ्यांमुळे. तुम्ही गॅलरीत जाऊन उभ्या राहायच्यात, आत यायच्यात, परत जायच्यात. दूध दोनदा उतू गेलं. पोळी लाटता लाटता मधेच हात थांबायचा. अप्पांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" तर म्हणालात, "बरंच वाटतंय. तोच घोळ आहे."

आणि दिवाळी सरल्यावर एके दिवशी सगळे जेवत असताना, आमटी वाढता वाढता तुम्ही सांगून टाकलंत. "मी वर्षभर टिटवाळ्याला राहीन म्हणते."

अप्पा म्हणाले, "कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. एकटी."

"म्हणजे देवळाजवळ?"

"स्टेशनजवळ. शेजारच्या लेल्यांच्या भावाची तिथे चाळ आहे. लोकांनी खोल्या घेऊन ठेवल्यात, राहायला कोणी आलेलं नाही. बंद राहून वाळवी लागते. कुणी उघडझाप करणारं असेल तर बरंच, म्हणाले."

अप्पांनी घास खाली ठेवला. "भांडण झालंय का काही? मंजिरीशी?"

"नाही हो. कुणाशीच नाही."

"मग कारण काय?"

तुम्ही थोडा विचार केलात. खरंच केलात, मी बघत होते. मग म्हणालात, "कारण सापडलं की सांगते."

मला काळजी पडली ती वेगळ्याच गोष्टीची. पुढच्या महिन्यात माझी वाढवून घेतलेली रजा संपत होती. बँकेत परत जायचं, जुईला तुम्ही बघायचं, हे ठरलेलं होतं. रात्रीची भांडी आवरताना मी म्हटलं, "आई, जुईचं काय?"

"काहीतरी करशील तू. मी नसते तर केलंच असतंस."

"पण तुम्ही आहात!"

"तेच तर ना," तुम्ही म्हणालात, आणि कढई पालथी घातलीत.

मला तेव्हा तुमचा जो राग आला, तो आजही थोडा शिल्लक आहे. खोटं कशाला बोलू?

श्रीने तुमची ट्रंक टिटवाळ्याला पोचवली. अप्पा त्या दिवशी पेपर चाळत बसले होते, एकच पान. आणि तिसऱ्याच दिवशी जिन्यात सोहनीकाकूंनी मला गाठलं. "सासूबाई दिसत नाहीत कुठे?" माझ्या कडेवर जुई होती, हातात पिशवी होती. तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "नवस होता त्यांचा. जुईच्या वेळी बोलल्या होत्या. टिटवाळ्याच्या गणपतीची वर्षभर सेवा."

काकूंनी तिथल्या तिथे हात जोडले. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याशी आदराने बोलायला लागले. अप्पांना खाली कट्ट्यावर कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, घर वाचवलं मी. अजूनही वाटतं. तुम्ही कितीही म्हणा, त्या दिवसांत सासू नवरा-मुलाला सोडून एकटी राहायला गेली, हे वाक्य आपल्या बिल्डिंगला पचलं नसतं आणि अप्पांना जिना उतरता आला नसता.

पाळणाघर मी शोधलं. आपल्या बिल्डिंगमधून पाळणाघरात गेलेलं पहिलं मूल जुई. पहिल्या दिवशी तिचा रडण्याचा आवाज मला थेट कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता. अप्पा पोळ्या करायला शिकले. तिन्ही बाजूंनी वेगळ्या जाडीच्या. श्री धुणं वाळत घालायचा.

दोन-अडीच महिन्यांनी एका रविवारी जुईला घेऊन मी तुम्हाला भेटायला आले. खोलीत एक चटई, स्टोव्ह, दोन पातेली, खिडकीत पेरूच्या फोडी मीठ लावून ठेवलेल्या. तुम्ही जुईला घेतलंत, तिचे पाय हुंगलेत, आणि मग माझ्याकडे वळलात. इतक्या रागावलेल्या तुम्हाला मी तोवर पाहिलं नव्हतं.

"नवस म्हणे?"

मी पिशवीतून जुईचं दुपटं काढायला लागले.

"अंगारकीला या खोलीत उभं राहायला जागा नव्हती, मंजू. डोंबिवलीहून बायका. देवळात जाऊन आल्या आणि माझ्या पाया पडायला आल्या. एकीने ओटी पुढे करून मूल मागितलं. काय सांगू तिला? मी इथे झोपायला आलेय म्हणून?"

"मग मी काय सांगायला हवं होतं? सासू घर टाकून गेली म्हणून?"

"हो. तसंच सांगायचं."

"लोकांनी काय काय म्हटलं असतं!"

"म्हटलं असतं. मला ऐकू आलं नसतं. तेवढं लांब आलेय मी."

"मला आलं असतं ना ऐकू! मी तिथेच राहते."

यावर तुम्ही काही बोलला नाहीत. खिडकीतली पेरूची फोड माझ्यापुढे केलीत. ते भांडण आपण अनेकदा परत काढलं, कधी तुम्ही, कधी मी, पण त्या जागेच्या पुढे ते कधी सरकलंच नाही. तुम्ही गप्प झालात म्हणजे पटलं होतं, की मला समजावण्यात अर्थ नाही असं वाटलं होतं? हे मी विचारायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही मला सांगितली नाहीत. आता तुम्ही वारल्यावर चौथ्या दिवशी कल्याणहून एक बाई आल्या, पन्नाशीच्या आतल्या. मी ओळखलं नाही. बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "अंगारकीला त्यांच्याकडे मूल मागणारी ती मी." तुम्ही त्यांना खरं सांगून टाकलं होतंत, की बाई, मी देवाची कुणी नाही, मी इथे आराम करायला आलेय. त्या उठून जायच्या ऐवजी म्हणाल्या होत्या, "मी पण थोडी पडू का?" त्यानंतर कितीतरी मंगळवार त्या घरी देवदर्शनाचं सांगून यायच्या आणि तुमच्या चटईवर झोपायच्या. तुम्ही कुरकुर करायच्यात, माझं एकटेपण खाल्लंस म्हणून, आणि मग त्यांच्यासाठी उशीला गुंडाळी करून द्यायच्यात. "मूल झालं का?" मी विचारलं. "नाही हो," त्या म्हणाल्या. "पण त्या झोपेवर मी बरीच वर्षं काढली." त्यांना चहा दिला. जाताना त्यांनी तुमच्या फोटोला नमस्कार केला नाही. नुसत्या थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या.

त्या हिवाळ्यात जुईला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात ती नळ्यांमध्ये एवढीशी दिसायची. अप्पा म्हणाले, "तिला बोलावून घे." श्रीने चपला घातल्या होत्या, टिटवाळ्याला जायला. मी त्याला अडवलं. म्हटलं, "नको. त्यांना एकटं राहायचंय ना, राहू दे." श्रीने माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या. जुई बरी झाली, घरी आली. तुम्हाला कळलं ते देवदर्शनाला आलेल्या कुठल्याशा बाईकडून. तुम्ही त्याच दिवशी आलात. झोपलेल्या जुईच्या कपाळावर हात ठेवून बसलात, बराच वेळ. मग स्वयंपाकघरात आलात.

"मला का नाही कळवलंत?"

मी वाटच बघत होते जणू. "तुम्ही लांब गेलायत ना? म्हटलं, ऐकू यायचं नाही."

 तुम्ही पेलाभर पाणी घेतलंत, उभ्यानेच प्यायलात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलात. अप्पा जिन्यापर्यंत आले होते, "थांब ना आज," म्हणत. तुम्ही थांबला नाहीत. मला वाटलं होतं थांबाल. थांबला असतात तर मी जिंकले असते, आणि मला वाटतं, आपल्या दोघींचं पुढे कधी जमलं नसतं. पण हे आत्ता सुचतंय. त्या वेळी मी नुसती पोळपाट-लाटणं आपटत होते.

पावसाळ्यात काळू नदीला पूर आला आणि कल्याणच्या पुढच्या गाड्या बंद पडल्या. तीन दिवस तुमची काही खबर नव्हती. फोन कुणाकडे होता तेव्हा? अप्पा गॅलरी ते दार, दार ते गॅलरी करत होते. चौथ्या दिवशी सकाळी ते कुणाला न सांगता निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. "बरी आहे," एवढंच म्हणाले आणि आंघोळीला गेले. पुढचं सगळं त्यांनी मला परवा सांगितलं, तुमच्या पलंगाच्या कडेला बसून.

आंबिवलीला गाडी थांबली ती थांबलीच. तिथून ते रुळांतून चालत आले. तुमच्या दारावर थाप मारली, तर आतून तुम्ही विचारलंत, "कोण पाहिजे?"

"मी गोंधळलो," अप्पा म्हणाले. "बत्तीस वर्षांत घरातल्या माणसाने मला कोण पाहिजे असं विचारलं नव्हतं. मी माझं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट."

तुम्ही दार उघडलंत. टॉवेल दिलात, पिठलं-भात वाढलात. खोलीच्या एका कोपऱ्यात ओल आली होती, तुम्ही ट्रंक विटांवर चढवून ठेवली होती. बाकी सगळं ठीक. अप्पांनी जेवून हात धुतले आणि चटईकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "तुम्ही राहिलात तर मी एकटी कशी राहणार हो? आता तीनच महिने उरलेत."

"मग?" मी अप्पांना विचारलं.

"मग काय. स्टेशनावर जाऊन बसलो. बाकड्यावर. गाडी सुटेपर्यंत."

"राग नाही आला?"

"प्रचंड आला. ती म्हातारी झाल्यावर सुनावू असं ठरवलं होतं." अप्पा पलंगाच्या चादरीवरची सुरकुती पुन्हा पुन्हा सारखी करत होते. "मग ती म्हातारी झाली, आणि विसरलो मी."

तुम्ही दिवाळीच्या आधी परत आलात. कळवून नाही. दुपारी बेल वाजली, दारात ट्रंक घेतलेला हमाल आणि त्याच्यामागे तुम्ही, रापलेल्या, थोड्या बारीक झालेल्या. जुई आता चालत होती. तिने तुम्हाला पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी म्हटलं, "अगं, आजी!" तुम्ही मला हातानेच थांबवलंत. तिला उचललं नाहीत, जवळही घेतलं नाहीत. समोरच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलात आणि ट्रंकेतून एकेक वस्तू काढत राहिलात, तिच्याकडे न बघता. संध्याकाळ झाली तेव्हा ती तुमच्या पदराशी खेळत होती. हे बघताना मला रडू आलं. तुमच्यासमोर नाही, बाथरूममध्ये.

त्यानंतर बाहेरून बघणाऱ्याला सगळं पूर्वीसारखंच वाटलं असतं. तुम्ही पुन्हा वरण-भात, भाजी, पापड, जुईची वेणी. पाळणाघर मात्र मी बंद केलं नाही, आणि तुम्हीही कर म्हणाला नाहीत. एकच नवीन नियम आला. दुपारचं जेवण झालं की चहाच्या वेळेपर्यंत तुम्ही तुमच्या खोलीचं दार लावून घ्यायच्यात. पाहुणे असोत, सण असो, कुणीही वाजवायचं नाही. अप्पा तेवढा वेळ कट्ट्यावर जायचे. जुईला तर ते इतकं अंगवळणी पडलं की ती शाळेत मैत्रिणींना सांगायची, आमच्या आजीचं दार दुपारी बंद असतं, दुकानासारखं.

आणि बँकेने मला प्रमोशन देऊन सहा महिने नागपूरला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मी घरात विषयच काढला नव्हता. नाही म्हणून कळवायचं मनाशी पक्कं केलं होतं. जुई दहा वर्षांची, अप्पांचा रक्तदाब, श्रीच्या पाळ्या. तुम्हाला कुठून कळलं कोण जाणे. मी इस्त्री करत होते, तुम्ही येऊन म्हणालात, "जा."

"आई, इथे कसं होईल?"

"होईल काहीतरी. तू केलं होतंस तसं."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टोमणा मारत नव्हतात, हे मला दिसलं. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की आई, तुम्ही गेलात म्हणून मला करता आलं. म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझा राग फुकट गेला असता, आणि तो मी फार जपला होता. मी म्हटलं, "बघू," आणि कॉलर उलटी करून इस्त्री फिरवत राहिले. नागपूरला गेले. तिथे पहिल्या आठवड्यात खोलीत एकटी असताना मी रडले नाही. हे तुम्हाला पत्रात लिहिलं होतं, आठवतं? तुम्ही उत्तरात फक्त जुईच्या सर्दीचं कळवलंत.

आता त्या दुपारचं लिहायचं राहिलं. तेच लिहायचं नव्हतं म्हणून सकाळपासून इतकं लिहीत बसले.

मला त्या दिवशी सुट्टी होती. जुई क्लासला, अप्पा कट्ट्यावर, श्री कंपनीत. तुम्ही नेहमीसारखं जेवलात, ताकात थोडं मीठ जास्त झालंय म्हणालात, आणि दार लावून घेतलंत. मी ओट्याशी होते. नळ सोडून भांडी घासली, मग खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर लावला. मधे कधीतरी मला वाटलं, काहीतरी आवाज झाला. मिक्सर बंद केला, कान दिला. काही नव्हतं. परत सुरू केला.

चहाची वेळ झाली. दार उघडलं नाही. म्हटलं, लागला असेल डोळा. अप्पा आले, म्हणाले, "अजून?" मी म्हटलं, "असू दे." अप्पा खुर्चीत बसले. चहा गार झाला, मी दुसरा टाकला. तुमचा नियम आम्ही इतकी वर्षं पाळला होता की तो मोडायचा कसा, हेच दोघांना सुचत नव्हतं. शेवटी अप्पा म्हणाले, "मंजिरी, वाजव." मी वाजवलं, आधी हळू.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, काही कळलं नसेल त्यांना. घरी येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. शांत मरण, हेवा वाटावा असं. मी हो हो म्हणते. पण आई, दार ढकलून आत पहिली मी गेले होते. तुम्ही कुशीवर होतात, एक हात पलंगाच्या कडेला घट्ट, आणि डोळ्यांवर चष्मा होता. झोपताना तुम्ही चष्मा उशाशी काढून ठेवायच्यात. अप्पा आत यायच्या आधी मी तो काढला आणि उशाशी ठेवला. का, ते मला सांगता येत नाही. हे मी श्रीलाही बोललेले नाही.

म्हणून दुपारी मला घरात बसवत नाही. जेवण झालं की मी पायात चपला अडकवते आणि बाजारात भटकते, काही न घेता परत येते, पुन्हा जाते. मिक्सर परवापासून कपाटात ठेवलाय. जुई म्हणते, "आई, तू पण आजीसारख्या येरझाऱ्या घालायला लागलीस." तिला काय सांगू?

तुम्ही मला हाक मारली होतीत का? मारली असेल आणि मला ऐकू आली नसेल, तर ते घेऊन मी जगेन, दुसरा इलाज नाही. पण मारलीच नसेल, एवढं होत असताना, दार लावलंय म्हणून, नियम आहे म्हणून, एकटीने निभावू म्हणून, तर आई, माझं तुमच्याशी भांडण आहे, आणि ते टिटवाळ्याच्या भांडणापेक्षा मोठं आहे. एक हाक मारायची होती. मी दार न वाजवता आत आले असते.